‘विकला गेला’ म्हणणाऱ्या मित्राला काय उत्तर देऊ?

पत्र:

ताई, माझं वय २६. घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत वाढलो. सहा वर्षं मराठीत रॅप करतोय, तेही कडकच. पाण्याची लाइन, पोलिसांची उचलाउचल, पावसात सरकणारी दरड, सह्या गोळा करत फिरणारे बिल्डरचे दलाल, हेच विषय. गेल्या वर्षी एका सिनेमातल्या हळदीच्या गाण्यात माझे सोळा बार, म्हणजे रॅपच्या सोळा ओळी, घेतले. गाणं तुफान चाललं. वरातीत तेच, गणपतीत तेच. त्या पैशातून आईला फ्रिज घेतला, बदलापूरला भाड्याने वन-बीएचके घेतला. आता लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, आणखी तीन गाण्यांचा करार करायचा म्हणतंय, तिन्ही नाचायची. पण गेल्या महिन्यात आमच्या कट्ट्यावर सायफरला, म्हणजे पोरं गोल करून आळीपाळीने रॅप करतात तिथे, गेलो, तर माझी पाळी आल्यावर पोरांनी शिट्टीवर त्या हळदीच्या गाण्याची चाल धरली. आणि ज्या मित्राने माझे पहिले सगळे बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बनवले, त्यानेच माझ्यावर डिस ट्रॅक, म्हणजे मला झोडपणारं गाणं, टाकला, ‘विकला गेला’ म्हणून. लेबलवाले म्हणतात उत्तर दे, व्ह्यूज येतील. काय करू? लेबल सोडू? दोन नावांनी दोन तऱ्हेची गाणी करू? त्या गाण्यात त्यांनी आमच्या वस्तीचं नाव काढून ‘मुंबई’ टाकलं होतं, तेवढं सोडलं तर मला ते गाणं आवडतं, खोटं कशाला बोलू. शुक्रवारी सही आहे.

डोंगरावरचा

उत्तर:

प्रिय डोंगरावरच्या,

तुझ्या पत्रातली खरी गोष्ट तू अगदी शेवटी लिहिलीस, तीही ‘तेवढं सोडलं तर’ म्हणून. वस्तीचं नाव काढलं आणि ‘मुंबई’ टाकलं. पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडकले. लेबलचं नंतर बघू.

आधी तुझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरवते. लोक नाचतील असं गाणं करण्यात काहीही पाप नाही. आपल्याकडच्या वस्त्यांमध्ये हळद कशी दणक्यात होते, ते मी तुला काय सांगायचं? दिवसभर चार घरची भांडी घासून आलेली बाई रात्री मांडवात पदर खोचून नाचते. तिच्या त्या नाचण्यासाठी कुणीतरी गाणं लिहायलाच हवं, आणि तिला ओळखणाऱ्याने लिहिलं तर जास्त चांगलं. रॅप म्हणजे कायम दातओठ खाऊनच बोलायचं, असं तुमच्या कट्ट्यावर कुणी ठरवलं असेल तर त्याने वस्ती अर्धीच पाहिलीय.

तुझ्या आधी या वाटेने गेलेल्या दोन रॅपरांची गोष्ट सांगते. दोघेही न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागातले. पहिला जा रूल. १९९९ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा खरखरीत, घोगरा, गुरगुरता आवाज हीच त्याची ओळख. मग गाण्यांचा बाज बदलला. २००१ मध्ये जेनिफर लोपेझबरोबर आणि पाठोपाठ अशांतीबरोबर केलेली त्याची गाणी बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच क्वीन्समधला फिफ्टी सेंट त्याच्यामागे हात धुऊन लागला. रॅपर असून गातो काय, प्रेमगीतं काय करतो, अशी त्याने त्याची इतकी टर उडवली की जा रूलला त्यातून पुन्हा नीट वर येता आलं नाही. ही गोष्ट कट्ट्यावर सगळ्यांना पाठ असते. पण तिचा पुढचा भाग कुणी सांगत नाही. २००३ मध्ये फिफ्टी सेंटचा स्वतःचा मोठा अल्बम आला आणि त्यातलं एक गाणं त्याच बिलबोर्डवर पहिलं आलं. कोणतं? नेट डॉगने गोड आवाजात हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृपद, गायलेलं प्रेमगीत!

त्याला फारसं कुणी विकला गेला म्हटलं नाही. का, याचा मी बराच विचार केलाय. त्या गाण्यात तो पोरीला एकामागून एक प्रश्न विचारत जातो. माझ्याकडे पैसे राहिले नाहीत तर माझी राहशील का? मला मोठी शिक्षा झाली, वर्षानुवर्षं आत गेलो, तर थांबशील का? चाल लोण्यासारखी आहे, पण प्रश्न त्याच्या गल्लीतले आहेत. तुरुंगाची भीती, कफल्लक होण्याची भीती तशीच आत बसलेली आहे. बोलणारा माणूस बदललेला नाही.

न्यू यॉर्कच्याच जे-झी या रॅपरने १९९८ मध्ये याहून धाडसी गोष्ट केली. ‘ॲनी’ नावाच्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकेत अनाथाश्रमातल्या मुली कोरसमध्ये गातात, तो कोरस त्याने उचलून हुक म्हणून ठेवला. ब्रुकलिनच्या मार्सी या सरकारी वसाहतीत वाढलेला, ड्रग्ज विकलेला माणूस आणि मागे लहान मुलींचा कोरस! गाणं जगभर गेलं. त्याने कडवी मात्र मवाळ केली नाहीत. त्या मुलींच्या तोंडची कष्टाची तक्रार आणि त्याच्या वसाहतीतली तक्रार एकच आहे हे त्याच्या कानाला कळलं होतं, म्हणून तो जोड बसला.

आणि आपल्याला क्वीन्सला तरी कशाला जायला हवं? तुझ्या घाटकोपरातच, चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून अण्णाभाऊ साठ्यांनी लिहिलं. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलेला माणूस. गिरणगावात कामगारांपुढे गाणारा, त्याच्याइतकं कडक कोण असणार? त्यांची ‘माझी मैना गावाकडं राहिली’ ऐक. नुसती ऐकली नसशील, वस्तीत कितीदा तरी वाजली असेल, पण आता रॅपर म्हणून पुन्हा ऐक. छक्कड आहे, लावणीचाच एक प्रकार. बाज सगळा विरहाचा, पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या रूपाचं, दागिन्यांचं वर्णन करतो. ऐकणारा डोलायला लागतो. आणि मग कळतं, की ही ताटातूट खंडित महाराष्ट्राचीही आहे. बेळगाव, कारवार, निपाणी, नावं घेऊन घेऊन सांगितलंय. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्या गाण्याने सभा उभ्या केल्या. आता त्यातून गावांची नावं काढून टाक आणि नुसतं ‘आपला प्रदेश’ असं घाल. उरतं काय? एक बरं प्रेमगीत.

म्हणून म्हणते, तुझ्या वस्तीचं नाव हा शब्द नव्हता, खिळा होता. त्यावर तुझे सोळा बार टांगलेले होते. ‘मुंबई’ कुणाच्याही तोंडी चालते, जाहिरातीत, निवडणुकीत, विमानतळाच्या पाटीवर. त्या नावाने कुणाला काही होत नाही. पण विचार कर, त्या डोंगरावरच्या दहा वर्षांच्या पोराने थेटरात किंवा शेजाऱ्याच्या टीव्हीवर स्वतःच्या वस्तीचं नाव ऐकलं असतं तर! जे नाव सांगितल्यावर नोकरीच्या ठिकाणी समोरच्याचा चेहरा बदलतो, ते नाव डीजेवर. शिट्टी वाजवणाऱ्या पोरांना हे असं सांगता येणार नाही, पण त्यांना बोचलं ते हेच. ती नाचून झाल्यावर आपलं नाव शोधत होती.

तुला हे शब्द बदलताना कुणी धमकावलं नसणार, मला माहीत आहे कसं होतं ते. स्टुडिओत काचेपलीकडून टॉकबॅकवर कुणीतरी गोड आवाजात म्हणतं, ‘मस्त आहे रे, फक्त हे नाव लोकांना कळणार नाही.’ मीटर चालू असतो, स्टुडिओचं भाडं तासावर असतं, तुझ्यामागे अजून एक गायक रांगेत असतो. तू ‘चालेल’ म्हणतोस. एका शब्दाचं ‘चालेल’ फार लहान असतं, म्हणूनच ते लक्षात येत नाही.

आता तुझ्या मित्राकडे येते.

त्याचा डिस ट्रॅक मी ऐकलेला नाही, पण तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल अर्धीच ओळ आहे, ‘ज्याने माझे पहिले सगळे बीट बनवले’. त्या बीटचे त्याला किती मिळाले? हळदीच्या गाण्यासाठी तुला ज्यांनी निवडलं, त्यांनी तुझी कुठली गाणी ऐकून निवडलं? त्याच्याच बीटवरची. मग सिनेमाचं काम आलं तेव्हा तू त्याला फोन केलास का? त्याच्या बीटवरची तुझी जी गाणी आज यूट्यूबवर आहेत, त्या खाली त्याचं नाव आहे का? हळदीच्या गाण्यानंतर तुझी जुनी गाणीही लोकांनी शोधून ऐकली असणार. त्याचा पैसा कुणाच्या खात्यात येतोय?

मला राग आलेला नाही बरं का, मी हिशेब विचारतेय. ‘विकला गेला’ हा शब्द आपण तत्त्वाचा समजतो, पण बऱ्याचदा त्यामागे साधी गोष्ट असते. एकत्र वडापाव खाल्लेल्या दोघांपैकी एक गाडीत बसला आणि दुसऱ्याला ‘येतोस का’ असं विचारायचं राहिलं. ते तो तुला तोंडावर म्हणू शकत नाही, कमीपणा वाटतो. म्हणून तो हिप-हॉपची अब्रू मध्ये आणतो.

त्यामुळे उत्तराचा ट्रॅक करू नकोस. लेबलला व्ह्यूज हवेत, त्यांची दिवाळी होईल आणि तुम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांच्या कमेंटमध्ये भांडत राहाल. त्याच्या घरी जा. पैसे घेऊन जा, पण आधी पैसे काढू नकोस, आधी ‘चुकलं’ म्हण. मग जुन्या गाण्यांची यादी समोर ठेव, आजपर्यंत आलेले पैसे सांग, त्याचा वाटा तिथल्या तिथे ट्रान्स्फर कर आणि पुढचं कागदावर लिहा. निम्मं-निम्मं लिहिलंस तरी मी तुला शहाणाच म्हणेन. त्याने दार लावून घेतलं तर पुन्हा जा.

कागदाचा आग्रह का धरते, ते सांगते. माझे काका ढोलकी वाजवायचे, गायचे, पदंही स्वतःची बांधायचे. नव्वदच्या दशकात त्यांचं लग्नातलं एक गाणं कॅसेटवर आलं आणि आमच्या तालुक्यात त्या वर्षी त्या गाण्याशिवाय एक मांडव उठला नाही. काकांना दीड हजार रुपये मिळाले होते, एकरकमी, कोऱ्या कागदावर सही करून. कॅसेटच्या वेष्टनावर त्यांचं नाव नव्हतं, ‘पारंपरिक’ असं छापलं होतं. मला अजून आठवतंय, एका लग्नात ते गाणं लागलं आणि काका जेवणाच्या पंगतीत बसून होते. वाढपी त्या चालीवर पायाने ताल धरत बुंदी वाढत होता. काका मान खाली घालून जेवत राहिले. त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, की हे माझं आहे.

तुझ्या वेळेला कायदा बराच बदललेला आहे, तो वापर. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी शब्द लिहिणाऱ्याने आणि चाल देणाऱ्याने हक्क कंपनीला लिहून दिले, तरी रॉयल्टीतला समान वाटा मागण्याचा त्यांचा हक्क जात नाही. थेटरात सिनेमाबरोबर गाणं वाजतं तेवढं त्यातून वगळलेलं आहे. ‘सगळे हक्क कायमचे सोडतो’ असं कलम कुणी समोर ठेवलं, तरी हा वाटा सोडून देता येत नाही. आणि रॅपर हा आधी गीतकार असतो, हे तुमची पोरं विसरतात. गायक म्हणून एकदाचे पैसे घेतात आणि शब्दांचे मागतच नाहीत. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घे, गीतकार म्हणून. तुझा मित्र संगीतकार म्हणून घेईल.

करारात आणखी दोन जागा नीट बघ. मुदत किती आणि प्रदेश कोणता. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या तिथे ‘अनंत काळ’ आणि ‘संपूर्ण विश्व’ असं लिहितात. मग जिथे ‘कलाकाराने याच काळात स्वतंत्रपणे काहीही प्रसिद्ध करू नये’ अशा अर्थाचं कलम असेल तिथे थांब. तुझ्या बाबतीत खरा धोका त्या तीन नाचाच्या गाण्यांचा नाही, त्या काळात बाकी तोंड बंद राहण्याचा आहे. ते कलम काढून घे. काढत नसतील तर सही नको. शब्दांत बदल तुझ्या लेखी संमतीशिवाय होणार नाही, हेही घालून घे. कायद्याच्या ५७व्या कलमात लेखकाच्या मानाला धक्का लावणाऱ्या मोडतोडीविरुद्ध हक्क आहेच, पण कोर्टापर्यंत जाण्यापेक्षा आधीच एक ओळ लिहिलेली बरी.

लेबल सोड असं मी म्हणत नाही. आईचा फ्रिज खरा आहे. पावसाळ्यात दरड सरकायच्या भीतीने रात्री जागं राहावं लागत नाही, हेही खरं आहे. त्याबद्दल कट्ट्यावर एक शब्दही ओशाळून बोलू नकोस.

पण बदलापूर लपवूही नकोस. तुझ्या पत्रात वन-बीएचके असा आलाय, जणू चोरी सापडली. इथे मला जरा काळजी वाटते, कारण आता बाजाराला वस्तीही हवी आहे. नेझी या रॅपरने २०१४ मध्ये कुर्ल्यात आयपॅडवर व्हिडिओ केला, पुढच्या वर्षी डिव्हाइन आणि त्याचं गल्लीवरचं गाणं आलं, तेव्हा गल्ली कुणालाच नको होती. २०१९ मध्ये झोया अख्तरचा ‘गली बॉय’ हा रॅपरवरचा सिनेमा आला आणि गल्लीचं दुकान झालं. पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला. चांगलंच झालं, आपली पोरं वर गेली. पण त्यामुळे उद्या हेच लेबल तुला म्हणेल, की पुढचं गाणं ‘रॉ’ कर, झोपडपट्टीचा सेट लावू, मागे चार टपोरी उभे करू. ते नाचाच्या गाण्यापेक्षा वाईट असेल. भाड्याच्या फ्लॅटमध्ये झोपून पाण्याच्या रांगेत उभं असल्याचं गाणं म्हणणं, ही मात्र खरी विक्री.

तू आता जिथे आहेस तिथलं लिही. बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणाऱ्यांइतका राग कुठल्या डोंगरावर आहे? भाडेकरार करताना एजंटने आडनाव दोनदा विचारलं का? मूळ पत्ता सांगितल्यावर मालकाने डिपॉझिट वाढवलं का? सोसायटीचा वॉचमन तुझ्या मित्रांना गेटवर अडवतो का? आणि आईला त्या फ्लॅटमध्ये दुपारी बोलायला कोण आहे? वस्तीत ती दारात बसायची, इथे दार लावून बसते. यातलं काहीही कडक नाही असं कुणी म्हणून दाखवावं. वस्तीबद्दलही लिही, पण निघून आलेल्याने लिहावं तसं. तेही तुझ्याचकडे आहे, कट्ट्यावरच्या कुणाकडे नाही.

दोन नावांचं मात्र डोक्यातून काढ. एक नाव पैसे कमावेल, दुसरं लाजेने बसून राहील.

नाचाच्या गाण्याची कारागिरी हलकी समजू नकोस. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं गेलं तरच ते ऐकणं मोजतात, म्हणून हुक पुढे ओढून घेतात आणि तुमच्या लांब कडव्यांना कात्री लागते. ठीक आहे, मग चारच ओळी मिळाल्या तर चार ओळींत वस्ती आणायची. पोवाड्यावाल्यांनीही गर्दी जमेपर्यंत झीलकऱ्यांना वर चढवलंच की. नाचणाऱ्याच्या तोंडात तुझ्या डोंगराचं नाव घोळू दे, अर्थ त्याला तिसऱ्यांदा ऐकताना कळला तरी चालेल. करारातल्या तीनपैकी पहिल्याच गाण्यात ते नाव टाक आणि काचेपलीकडून आवाज आला की ‘नाही’ म्हण. एकदा म्हणून बघ, बऱ्याचदा समोरचा दोन मिनिटं गप्प राहतो आणि म्हणतो, चल, पुढचा टेक.

हे नाव गाण्यात गेलं की मग सायफरला जा. शिट्टी वाजवली तर वाजवू दे, तिच्यावरच बार टाक. मित्र आला असेल तर बीट त्याला लावू दे.

शुक्रवारची सही सोमवारवर ढकल, ‘वकिलाला दाखवतोय’ एवढंच सांग. चांगली कंपनी यावर रागावत नाही. कराराची प्रत या सदराच्या पत्त्यावर पाठव, तुझं आणि कंपनीचं नाव खोडून. कलाकारांचे करार वाचणारी एक वकील मैत्रीण आहे माझी, ती रविवारी बसते.

तुझी ताई